सतरा इंचांची नळी

वाघजळी, ता. करमाळा
१२ जानेवारी २०२५

ती. मामांना सा. न.

पत्र लिहायची सवय मोडली आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आधी फोनच केला होता. तुम्ही तीनदा "कोण? कोण बोलतंय?" म्हणालात आणि ठेवून दिलात. अंकिताची हसून पुरेवाट झाली. म्हणाली, "मामांचे कान चाळीस वर्षं ब्रेकचे लायनर ठोकण्यात गेले. त्यांना लिहा. लिहिलेलं ते दोनदा वाचतात." म्हणून हे पत्र कल्लप्पाबरोबर देतोय. तो आठवड्यातून दोनदा आमची केळी टेम्पोनं सोलापूरला नेतो आणि भवानी पेठेतलं तुमचं गॅरेज त्याच्या वाटेवरच आहे. उत्तर त्याच्याचकडे द्या.

बातमी अशी की आपली जीप आता चार इंच उंच झाली! पुण्यात हेच काम करणारं एक दुकान आहे. त्यांनी स्प्रिंगचे नवे उंच पाटे बसवले, नवे शॉकअप दिले, टायरही मोठे घातले. गावातले लोक बघायला येतात. काही जण हसतात, पण ते हसणारच. गेल्या पावसाळ्यात वस्तीपासून होडीच्या धक्क्यापर्यंत जीप अकरा वेळा रुतली होती, तेव्हा यातला एकही ढकलायला आला नव्हता. अंकिता शिकवते ती शाळा धरणाच्या पाण्यापलीकडे. रोज सकाळी सहा किलोमीटर काळ्या रानातून, कालव्याच्या दोन चाऱ्या ओलांडून तिला धक्क्यावर होडीला पोचायचं असतं. ती स्वतःच चालवत जाते, सोबत शाळेत खिचडी करणाऱ्या बजाबाई असतात. आता तिची काळजी मिटली.

एक किरकोळ गोष्ट. मागच्या एक्सलवर जाणारी ब्रेकची रबरी नळी आता जरा ताठ दिसते. दुकानवाले म्हणाले, चालतं. तरी तुमच्याकडे थोडी लांब मिळाली तर पाठवा. घाई नाही.

मामींना नमस्कार. केळीचे दोन फणे पाठवले आहेत.

आपला,
पृथ्वीराज


भवानी पेठ, सोलापूर
१६ जानेवारी २०२५

चि. पृथ्वीराज जावईबापूंना गंगाधरचे अनेक आशीर्वाद.

केळी पोचली. मामीनं निम्मी शेजारी वाटली, कारण तिला "आमच्या जावयाच्या मळ्यातली" असं चार घरांत सांगायचं होतं.

जीप उंच झाली हे वाचून आनंद झाला. एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि गॅरेजात एक फेरी मारून आलो. तुमचे "घाई नाही" हे दोन शब्द काही घशाखाली उतरेनात.

तुम्ही सुज्ञ आहात, तरी सांगतो. जीप उचलली म्हणजे चासी, खालचा सांगाडा, वर गेली. चाकांना जोडणारा एक्सल होता तिथेच राहिला. नळीचं एक टोक चासीला, दुसरं एक्सलला. म्हणजे दोन टोकं चार इंचांनी लांब गेली आणि नळी होती तेवढीच राहिली. सपाट जमिनीवर ती ताठ दिसत असेल, तर चारी ओलांडताना चाक अधांतरी लोंबलं की ओढली जाणार. ओढली की आज ना उद्या तुटणार. तुमची जीप जुनी, तिला ब्रेकची एकच लाइन. एक नळी गेली की चारही चाकांचे ब्रेक गेले. मग पॅडल दाबा नाहीतर गाणं म्हणा, सारखंच.

तर कृपा करून एवढं करावं. जीप जॅकवर घ्यावी. [इथे दीड ओळ गिरगटून खोडलेली आहे.] मग चासीवरच्या नटापासून एक्सलवरच्या नटापर्यंत सुतळी धरावी, तेवढी कापून पाठवावी. त्या मापाची नळी मी प्रेसवर दाबून देतो. इंचात लिहून पाठवू नये, सुतळीच पाठवावी. लिहिणाऱ्याच्या हातून चूक होते.

खाडाखोडीबद्दल राग नसावा. तुम्ही शेतकीचे पदवीधर, तुम्हाला फार फोड करून सांगायला नको.

अंकिताला आशीर्वाद.

गंगाधर


वाघजळी
२३ जानेवारी २०२५

ती. मामांना सा. न.

सुतळी सोबत आहे. मी न राहवून मोजलीच, साडेपंधरा इंच भरली. जॅक लावून चाक चांगलं वीतभर उचललं, खाली झोपलो, पाठीला काटे बोचले, पण माप अगदी सुतासारखं घेतलं. अंकिता म्हणत होती, "मी शाळेतून आल्यावर करा, मला माहीत आहे कसं करतात." मी म्हटलं, तुझ्या मामांचा पेपर मी एकटाच सोडवतो.

बघा, नुसता एक इंचाचा फरक. दुकानवाले म्हणत होते तसंच निघालं.

आपला,
पृथ्वीराज


भवानी पेठ, सोलापूर
२७ जानेवारी २०२५

चि. जावईबापूंना आशीर्वाद.

नळी पाठवत आहे. दोन्ही टोकांना तांब्याचे नवे वायसर घालावेत, जुने वापरू नयेत. बसवल्यावर लाइनमधली एअर काढावी. त्याला दोन माणसं लागतात, एकानं वर पॅडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली चाकामागचं एअरचं निपल सोडायचं. अंकिताला हे पाठ आहे. शाळेत असताना दर रविवारी ती माझ्यासाठी पॅडलवर बसायची. मी खालून ओरडायचो, "दाब, धर, सोड." ती वरून "धरलं!" म्हणायची. त्या वेळी मला ऐकू यायचं.

मापाबद्दल एक शंका होती. जुनी नळी साडेचौदा इंचांची. जीप चार इंच वर गेलेली. आणि सुतळी भरली साडेपंधरा. मी ती टेबलावर ठेवून बराच वेळ बघत बसलो. पण माप तुम्ही स्वतः घेतलं आहे, तेव्हा बरोबरच असणार. पुन्हा घ्यायला सांगावं असं मनात होतं. मामी म्हणाली, "जावयाला परत गाडीखाली झोपायला लावता? वाढलेलं ताट ओढून घेण्यासारखं दिसेल ते."

म्हणून मी माझ्या अकलेनं दीड इंच जास्त धरला. नळी सतरा इंचांची आहे. ढिली वाटली तरी राहू द्यावी.

गंगाधर


वाघजळी
४ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना सा. न.

नळी बसवली. काम अगदी नामी आहे, पुण्यातही असं कोणी करत नाही.

फक्त तुम्ही दीड इंच उगाच वाढवलात. मधे पोट सुटून ती सायलेन्सरला टेकायला लागली. मग मीच डोकं चालवलं. वरच्या अंगाला तारेनं चासीला आवळून बांधली. आता कशी नीट चापूनचोपून बसली आहे. फोटो दाखवला असता, पण तुमच्याकडे तो मोबाइल नाही.

म्हणजे माझं माप बरोबरच होतं म्हणायचं! अंकितानं चहा दिला तेव्हा तिचं तोंड जरा वाकडं होतं.

आपला,
पृथ्वीराज


भवानी पेठ, सोलापूर
७ फेब्रुवारी २०२५

चि. जावईबापूंना आशीर्वाद.

तार कापावी. हे पत्र वाचून खाली ठेवायच्या आत कापावी.

मी जो दीड इंच जास्त दिला होता, तो तुम्ही तारेनं बांधून टाकलात. आता चाक लोंबलं की सगळी ओढ त्या तारेपाशी येणार आणि तार रबरात रुतणार. सायलेन्सरला टेकत असेल तर नळीला स्प्रिंगचं वेष्टण घालतात, बांधून घालत नाहीत. जनावर आहे का ते?

शेवटचं वाक्य जरा जास्त झालं. मामी म्हणते खोडा. पण एका पत्रात किती खोडायचं?

मी स्वतः येऊन बघितलं असतं. पण बोलावणं नसताना भाचीच्या सासरी जायचं आणि जाऊन तिच्या नवऱ्याच्या गाडीखाली शिरायचं, हे आमच्या पिढीत बसत नाही. तुम्ही दोन ओळी लिहिल्यात तर दुसऱ्या दिवशी हजर होईन.

गंगाधर


जि. प. शाळा, पैलतीर
१५ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

हे पत्र मी शाळेतून पोस्टानं पाठवते आहे, कल्लप्पाकडे देत नाही. तो तुमची पत्रं ह्यांच्या हातात देतो, तशी माझीही देईल. म्हणून मला उत्तर लिहू नका.

मामा, पॅडल मऊ लागतंय. तुमच्याकडे लहानपणी एअर काढताना पहिल्या दोन दाबांना जसं लागायचं, चिखलात पाय गेल्यासारखं, तसं. दोनदा दाबलं की धरतं. ब्रेक ऑइल आठवड्यात बोटभर उतरतं. मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "एअर असेल. तुला नवीन जीपची सवय नाही." मी म्हटलं, जीप तीच आहे, फक्त उंच झाली. मग दोन दिवस अबोला.

तार त्यांनी कापलेली नाही. तुमचं पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि दिवसभर घमेली आपटत होते. माणूस वाईट नाही मामा, तुम्हाला माहीत आहे. मला चिखलातून चालत जायला लागू नये म्हणून त्यांनी ही जीप केली. तिच्यात खोट काढली की त्यांना वाटतं, त्यांच्यातच काढली.

धक्क्याचा उतार तुम्ही बघितलेला नाही. सरळ पाण्यात उतरतो, आणि पाणी आता रोज मागे जातंय तसा लांबतोय. खाली होडीची वाट बघत माणसं उभी असतात. मी वरूनच पहिला गिअर टाकते. हँडब्रेक नावालाच आहे, म्हणून बजाबाई मांडीवर एक मोठा दगड घेऊन बसतात, चाकाला लावायला. परवा म्हणाल्या, "बाई, ह्यो दगूड रोज न्यायाचा आन् रोज आणायाचा, ह्ये काय बरं दिसतंय व्हय? लोकास्नी वाटंल, नवस बोललीया म्हातारी."

मी बोलले हे ह्यांना कळू देऊ नका. पण काहीतरी करा.

तुमची,
अंकिता


भवानी पेठ, सोलापूर
१८ फेब्रुवारी २०२५

चि. जावईबापूंना आशीर्वाद.

परवा कल्लप्पा आला होता. बोलता बोलता म्हणाला की तुमच्या जीपखाली मागच्या बाजूला ओल दिसली. तो ड्रायव्हर माणूस, त्याची नजर जाते. ती ओल पाण्याची नसावी, ब्रेक ऑइलची असावी असं मला वाटतं.

हात जोडून विनंती आहे. नळी बदलेपर्यंत जीप उभी ठेवावी. अंकितानं शाळेला कोणाच्या मोटरसायकलवर जावं, बैलगाडीतून जावं, रजा टाकावी. मी वीस इंचांची नळी तयार करून ठेवली आहे, माप न घेता, माझ्या अंदाजानं. नाहीतर मला बोलवा. नाहीतर जीप कल्लप्पाच्या टेम्पोला बांधून इकडे पाठवा, मी जेवायच्या आत परत करतो.

आणखी काय लिहू? चाळीस वर्षांत मी हजारभर गाड्यांचे ब्रेक केले. गिऱ्हाइकाला दोन शिव्या घातल्या की काम होतं. इथे ते जमत नाही.

गंगाधर


भवानी पेठ, सोलापूर
२६ फेब्रुवारी २०२५

चि. जावईबापूंना आशीर्वाद.

कल्लप्पा दोनदा येऊन गेला. केळी आली, पत्र आलं नाही. मला केळी नकोत. उत्तर पाहिजे.

गंगाधर


वाघजळी
३ मार्च २०२५

ती. मामांना सा. न.

मी कल्लप्पाला विचारलं. तो म्हणाला, "यप्पा! मी केळीचे घड मोजून घेतो की मालक, तुमच्या गाडीखाली कशाला वाकू?" म्हणजे ओल त्यानं बघितली नव्हती. मग अंकिताला विचारलं. तिनं एका शब्दात कबूल केलं.

मला ओल लपवायची नव्हती, मामा. मला वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. घरातली गोष्ट माझ्याआड सोलापूरला गेली, आणि तुम्ही ती कल्लप्पाच्या नावावर मला परत पाठवलीत.

आता बोलतोच आहे तर बोलतो. आमचं लग्न ठरवायला तुम्ही वस्तीवर आलात, तेव्हा माझ्याशी एक अक्षर बोलायच्या आधी तुम्ही खाली वाकून जीपखाली बघितलं होतं. मी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. सात वर्षं झाली. अजून मला वाटतं, तुम्ही तसेच वाकलेले आहात आणि मी तांब्या घेऊन उभा आहे.

जीपचं म्हणाल तर करमाळ्याच्या मेकॅनिकनं ऑइल भरलं, एअर काढली. पॅडल टणक आहे. तार माझी, जीप माझी. यापुढे ब्रेकबद्दल लिहू नका. बाकी काहीही लिहा.

पृथ्वीराज


भवानी पेठ, सोलापूर
६ मार्च २०२५

चि. पृथ्वीराज यांना आशीर्वाद.

तुमचं बरोबर आहे. खोटं मी लिहिलं, कल्लप्पाचा त्यात काही संबंध नाही. तांब्याचं मला आठवत नव्हतं. माफ करा.

इकडे ऊन वाढलं आहे. मामीनं ज्वारीच्या पापड्या घातल्या आहेत. शेजारच्या शांतम्मांच्या मागावर नव्या चादरींचं काम चालू झालं, एक तुमच्यासाठी सांगून ठेवली आहे.

बाकी काही नाही. तुम्ही सांगितलं म्हणून लिहीत नाही.

गंगाधर


करमाळा
१४ मार्च २०२५

ती. मामांना सा. न.

कल्लप्पानं मंगळवारीच तुम्हाला सांगितलं असेल. तरी मी लिहायला पाहिजे.

अंकिता ठीक आहे. उजव्या खांद्याचं हाड मोडलं. पट्टा बांधलाय, सहा आठवडे. कपाळावर चार टाके. बजाबाईंचे पुढचे दोन दात गेले. तिसऱ्या कुणाला खरचटलंही नाही, आणि हे सगळं अंकितामुळे.

त्या दिवशी दुसऱ्या चारीत मागचं चाक लोंबलं तेव्हा खाली काहीतरी टचकन वाजल्याचं तिनं ऐकलं होतं. सपाटीवर ब्रेक लावून बघितला, थोडा लागला. ती थांबणार होती. पण शाळेत परीक्षा होती आणि पेपर तिच्याच पिशवीत होते. धक्क्याच्या उतारावर लागली आणि पॅडल तळाला गेलं. दोनदा दाबलं, चारदा दाबलं. खाली होडीपाशी नऊ माणसं होती. मोटारपंपवाल्यांनी पाइप टाकायला उकरलेल्या गाळाचा ढीग डाव्या हाताला आहे. तिनं पहिल्या गिअरमध्येच जीप त्या ढिगात घातली. जीप कलंडली. पाणी तिथून वीस पावलांवर होतं.

बजाबाई दवाखान्यात मला म्हणाल्या, "दादा, दगूड माज्या मांडीवरच राह्यला. लावाया कुटं टाइम मिळाला? बाई व्हती म्हनून हाय मी. तुमी चालवत असता तर पॅडलच दाबत बसला असता."

खरं आहे मामा. तेच केलं असतं.

तार जिथे आवळली होती तिथेच नळी फाटली आहे. तुम्ही लिहिलं होतं तसंच.

पण मी लिहायला बसलो ते यासाठी नाही. वॉर्डात ती झोपली होती. माझ्या पिशवीत तुमची सगळी पत्रं होती, वाचत बसलो. सोळा जानेवारीचं पहिलं पत्र हातात आलं. त्यात दीड ओळ खोडलेली आहे. खिडकीतून ऊन येत होतं, कागद उलटा करून काचेवर धरला. पेनाचा दाब मागून दिसत होता. एकेक अक्षर लावून वाचलं.

"जॅक एक्सलखाली लावू नये, चासीखाली लावावा. चाक वर उचलायचं नाही, खाली लोंबू द्यायचं आहे."

मी जॅक एक्सलखाली लावला होता. पंक्चर काढताना लावतो तसा. एक्सल वर आला, चासीच्या जवळ आला, आणि मी ते माप तुम्हाला "सुतासारखं" म्हणून पाठवलं. जीप सरळ करून वस्तीवर ओढून आणली आहे. काल तिथे जाऊन तिलाच जॅक चासीखाली लावला. दोन्ही चाकं लोंबली. सुतळी धरली. एकोणीस इंच आणि वर बोटभर. नवी सुतळी सोबत आहे.

मामा, तुम्ही ती ओळ का खोडलीत?

मला राग आला असता. जावयाला जॅक लावायला शिकवतात म्हणून चार दिवस फुगून बसलो असतो. एवढंच झालं असतं ना? चार दिवस.

चूक माझी आहे. तार माझी होती, अबोला माझा होता, "लिहू नका" मीच लिहिलं. हे सगळं मला मान्य आहे. पण ती ओळ वाचल्यापासून मला घास जात नाही. कृपा करून मला यापुढे जावई म्हणून लिहू नका. गॅरेजात चुकीचं काम करणाऱ्या माणसाला लिहाल तसं लिहा.

पृथ्वीराज


भवानी पेठ, सोलापूर
१६ मार्च २०२५

पृथ्वीराज,

आधी ती ओळ.

जॅक एक्सलखाली लावू नये, चासीखाली लावावा. चाक वर उचलायचं नाही, खाली लोंबू द्यायचं आहे.

लिहिली. आता ती कोणी खोडणार नाही.

तू विचारलंस म्हणून सांगतो. त्या दिवशी पत्र लिहिताना मामी मागे उभी होती. म्हणाली, "जॅक कुठे लावायचा हे जावयाला लिहिता? तो काय अडाणी आहे?" पण तिचं नाव घेऊन सुटणार नाही. पेन माझ्या हातात होतं. मलाही तेच वाटलं. मान राखला पाहिजे. म्हणून खोडली, आणि नुसती रेघ मारून नाही, तुला वाचता येऊ नये म्हणून चांगली गिरगटून खोडली.

मग तुझी सुतळी आली. टेबलावर ठेवल्या ठेवल्या मला कळलं होतं की जॅक एक्सलखाली होता. शंका होती असं मी लिहिलं, ते खोटं. शंका नव्हती, खात्री होती. चार इंच उचललेल्या गाडीला साडेपंधरा इंच माप येतच नाही. गॅरेजात कोणी असं माप आणलं असतं तर मी सुतळी त्याच्या गळ्यात बांधून परत पाठवला असता. तुझ्या बाबतीत मी दीड इंच वाढवून गप्प बसलो. दीड इंच! तुझा मान आणि तिचा जीव, दोन्ही मी त्या दीड इंचात बसवायला बघत होतो.

आणि तू "लिहू नका" म्हणालास, तर मी पापड्यांवर लिहिलं. त्या पत्राची मला इतकी लाज वाटते की तू ते फाडून टाकलंस तर बरं होईल.

तुझ्या चुका मी मोजणार नाही. तू मोजल्यास त्या बरोबर आहेत. पण तू अडाण्यासारखा वागलास तो जॅकमुळे नाही, तार न कापल्यामुळे. जॅकचं कुणाचंही चुकतं, माझंही चुकलं होतं, शिकत होतो तेव्हा, आणि उस्तादानं पाना फेकून मारला होता. तुझ्यावर कोणी पाना फेकला नाही. तो मी फेकायला पाहिजे होता.

त्या तांब्याबद्दल. मी जीपखाली वाकलो कारण मला माणसाशी बोलायला सुचत नाही, गाडी बघायला सुचतं. बघितलं तर सगळे नट घट्ट होते, ग्रीस ताजं होतं. मी त्याच वेळी मामीला म्हटलं, पोरगा बरा आहे. तुला सांगायचं राहून गेलं. तो तांब्या मी सात वर्षं तुझ्या हातात तसाच ठेवला.

आता ऐक. गुरुवारी मी कल्लप्पाच्या टेम्पोतून येतोय. तू बोलावलेलं नाहीस, तरी येतोय. वीस इंचांची नळी आहेच, तुझ्या नव्या सुतळीनं ती पडताळली, बरोबर बसते. पुढच्या दोन्ही नळ्याही आणतोय, त्यांचं माप स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून मी घेणार. जीप वस्तीवर सपाट जागी उभी करून ठेव. जॅक लावू नकोस. मी आल्यावर, माझ्यासमोर लावायचा.

खाली झोपायचं तू. माझे गुडघे आता वाकत नाहीत. मी बाजूला उभा राहून ओरडणार. मला स्वतःचं ओरडणं ऐकू येत नाही, त्यामुळे जरा जास्त होईल, वस्तीवर माणसं जमतील. जमू देत. चुकलास तर जावई म्हणून सोडणार नाही.

पॅडलवर अंकिताला बसव. खांदा मोडलाय, पाय नाही. मी म्हणेन, "दाब, धर, सोड." ती वरून "धरलं" म्हणेल, ते मला ऐकू येणार नाही. तुला येईल.

ती "मऊ लागतंय" म्हणाली, तर तेही तुलाच ऐकायचं आहे.

गंगाधरमामा